कागदी होल्स्टरची साक्ष

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पिस्तुलांची होल्स्टर जमवणाऱ्यांची पहिली नजर जाते ती जाड, काळ्या, नेटक्या टाक्यांनी शिवलेल्या चामड्याच्या नगावर. त्याच्या शेजारी दाबलेल्या कागदाचे किंवा कॅनव्हासचे होल्स्टर ठेवले, तर ते केवळ नाइलाजाने केलेली नक्कल वाटते. जर्मन भाषेत अशा पर्यायी मालाला ‘एर्झात्झ’ म्हणतात आणि या शब्दालाच कमअस्सलपणाचा वास चिकटला आहे. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मात्र ही प्रतवारी उलटी करायला हवी. चामड्याचे होल्स्टर आपल्याला कारागिराचे कौशल्य दाखवते. पर्यायी होल्स्टर त्याहून अधिक सांगते: देशाकडे काय संपले होते, रसायनशास्त्र त्याची भरपाई कुठपर्यंत करू शकले आणि कोणत्या जागी हरले.

तुटवड्याची मुळे पहिल्या महायुद्धात आहेत. 1914 पूर्वी कोलकात्याहून निघणाऱ्या कच्च्या कातड्यांचा मोठा वाटा जर्मनीला जात असे आणि तो व्यापार बराचसा जर्मन पेढ्यांच्याच हातात होता. कातडी कमावण्यासाठी लागणारे टॅनिनही परदेशांतून येई. अर्जेंटिना आणि पॅराग्वेतले केब्राचो नावाचे लाकूड त्याचा मोठा स्रोत होते. मुंबई बंदरातून जाणारा आपला हिरडाही युरोपातल्या चर्मोद्योगाला हवा असे. ब्रिटनच्या नाकेबंदीने हे सारे एकाएकी अडले. ऑगस्ट 1914 मध्येच वाल्टर राटेनाउ यांच्या पुढाकाराने युद्धासाठीच्या कच्च्या मालाचे सरकारी खाते उभे राहिले. त्या युद्धात जर्मनीने कागदाच्या सुतापासून कापड आणि पोती विणली. हा धडा नाझी राजवटीने लक्षात ठेवला. 1936 च्या चातुर्वार्षिक योजनेचा गाभाच आयातीशिवाय युद्ध लढता येण्याची तयारी हा होता. तरी चामड्याची भूक भागणारी नव्हती. 1941 मध्ये सोव्हिएत संघावर चाल करून गेलेल्या जर्मन सैन्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते. त्यांचा साज, सैनिकांचे बूट आणि पट्टे यांच्या रांगेत होल्स्टरही उभे होते.

पर्याय म्हणून पुढे आला ‘प्रेसश्टोफ’. कागदाच्या लगद्याचे थर चिकटद्रव्याने भारायचे आणि साच्यात दाबून त्यांना आकार द्यायचा, अशी ही रीत. तिची मर्यादा समजायची तर रेणूंपर्यंत उतरावे लागते. चामडे म्हणजे कोलॅजन या प्रथिनाची वीण. त्याच्या तीन साखळ्या दोरखंडाच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. ही त्रिपेडी रचना 1954 मध्ये मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडली. या पेडांचे धागे होतात, धाग्यांच्या जुड्या होतात आणि त्या जुड्या कातड्यात तिन्ही दिशांना एकमेकींत गुंततात. कमावताना टॅनिन त्यांना जागोजागी बांधून ठेवते. म्हणून चांगले चामडे हजारदा वाकवले तरी धागे किंचित सरकतात आणि पुन्हा जागेवर येतात. कागदातले सेल्युलोजचे तंतू मात्र आखूड आणि बहुतांशी एकाच पातळीत पसरलेले असतात. त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध ओलाव्याने सैल होतात आणि सुकून कडक झालेले चिकटद्रव्य त्यांना सरकू देत नाही. परिणामी प्रेसश्टोफ आकार उत्तम धरतो, घासणे सोसतो; पण वारंवार वाकवला, त्यातही भिजलेला असताना, की थर सुटतात आणि घडीवर तडा जातो.

हे ध्यानात घेतले की होल्स्टर नकाशासारखे वाचता येते. दुर्बिणीच्या पेट्या आणि टोप्यांचे छज्जे प्रेसश्टोफचे करणे सोपे होते, कारण त्यांना एकदा दिलेला आकार टिकवायचा असतो. होल्स्टरचे झाकण दिवसातून अनेकदा उघडते, बंदाला ओढ बसते, पट्ट्याच्या अडकवणीवर पिस्तुलाचे सारे वजन येते. म्हणूनच अंग कागदाचे, पण बंद किंवा घडीची जागा चामड्याची, असे मिश्र नमुने बोलके ठरतात. उरलेसुरले चामडे नेमके कुठे खर्च केले, यावरून ताण कुठे येतो याचा बनवणाऱ्याचा हिशेब कळतो. एकसंध चामड्याच्या होल्स्टरमध्ये हा हिशेब झाकलेलाच राहतो.

यावर रास्त आक्षेप असा, की एका नगावरून एवढे अनुमान काढणे धाडसाचे आहे. ते खरेच आहे. प्रेसश्टोफ एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता आणि चामड्याची होल्स्टर युद्धाच्या शेवटापर्यंत बनत राहिली. त्यामुळे ‘कागद दिसला म्हणजे 1945’ हे समीकरण चुकीचे ठरते. पण होल्स्टरच्या पाठीवर अनेकदा वर्षाचा शिक्का असतो, तसाच उत्पादकाचा. 1940-41 च्या सुमारास नावांऐवजी सांकेतिक अक्षरे आली. असे अनेक दिनांकित नग शेजारी मांडले, तर एका नगातून न दिसणारा बदल दिसू लागतो. नकली मालाची शंकाही तपासता येते. इन्फ्रारेड वर्णपटात कोलॅजन आणि सेल्युलोज वेगवेगळी ओळख देतात. पॉलिएस्टर तंतूचा शोध 1941 मध्ये ब्रिटनमध्ये लागला आणि त्याचे उत्पादन युद्धानंतर वाढले. मूळ म्हणवल्या जाणाऱ्या टाक्यांत तो धागा सापडला तर एक तर शिलाई नवी, नाही तर अख्खा नगच नवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: या वस्तू जपणे म्हणजे त्या राजवटीच्या चातुर्याचे गोडवे गाणे नव्हे काय? जपणाऱ्याने अर्धीच गोष्ट सांगितली, तर तसे होईलच. पर्यायी चामड्याच्या इतिहासात बर्लिनजवळची साक्सेनहाउझेन छळछावणीही येते. तिथे 1940 पासून बुटांच्या तळव्यांचे पर्यायी पदार्थ तपासण्यासाठी कैद्यांना सुमारे 700 मीटरच्या मार्गावर रोज 30 ते 40 किलोमीटर चालवले जाई. त्यात अनेकांचा जीव गेला. पदार्थ किती वाकवल्यावर तुटतो, या प्रश्नाचे उत्तर तिथे माणसांच्या पायांवर शोधले गेले. जर्मन कायदा आजही स्वस्तिकाच्या सार्वजनिक प्रदर्शनाला बंदी करतो आणि संशोधन व शिक्षणाला सवलत देतो. संग्राहकानेही हीच रेषा मानावी: वस्तू पुरावा म्हणून ठेवावी, गौरवचिन्ह म्हणून नाही.

पुरावा म्हणून ठेवायची तर तिला हात लावण्याची रीतही बदलते. तडकलेल्या घडीवर नवे चामडे शिवणे, कागदी अंगाला तेल किंवा पॉलिश चोळणे, यांनी नग देखणा होतो. पण पदार्थ कुठे आणि कसा हरला, ही त्याची सर्वांत मोलाची नोंद पुसली जाते. त्याला हवी ती स्थिर, मध्यम आर्द्रता, थोडा अंधार आणि घडी न उघडण्याचा संयम. तडा दुरुस्त करू नये. होल्स्टर जपायचे, ते त्या तड्यासाठीच.