अंदाजाने अंक भरू नका

वर्तमानपत्रात सुडोकूचे कोडे येते. १९७९ साली ते प्रथम अमेरिकेत छापले गेले. नाव मात्र जपानी आहे. त्यात ८१ घरे असतात. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या चौकात १ ते ९ अंक एकेकदाच यावेत. बेरीज-वजाबाकी लागत नाही. अंक ओळखता आले की पुरे.

अवघड कोडे मध्येच अडते. मग मंडळी अंदाजाने अंक ठोकून देतात. एक चुकला की पुढचे सगळे बिघडते. त्यापेक्षा जोडी शोधा. रिकाम्या घरांत बसू शकणारे अंक पेन्सिलीने बारीक लिहा.

समजा, ओळीतल्या दोन घरांत ४ किंवा ७ एवढेच बसतात. कोणता कुठे, ते कळत नाही. चालेल!

वांगणीच्या वरकस जमिनीचेच पाहा ना. नागलीचे बी एका तुकड्यापुरते, वरईचेही एका तुकड्यापुरते. दोन तुकड्यांत या दोहोंवाचून दुसरे काही पिकत नाही. मग तिसऱ्या तुकड्याला त्यातले बी उरेल का? नाही.

तसेच, ओळीतल्या बाकीच्या घरांतून ४ आणि ७ खोडा. पुष्कळदा एखाद्या घरात एकच अंक उरतो. तो पक्का. तिथून अडलेली वाट मोकळी होते.