काटा आला का?

जानेवारी लागला की मी वाईला सासूबाईंना फोन लावते आणि बाकी काही न बोलता विचारते, "आई, काटा आला का?" पलीकडून उत्तर येतं, "अजून गुळगुळीतच आहे गं. काल आभाळ होतं." मग दोन दिवसांनी पुन्हा फोन. आमच्या घरात हिवाळा थर्मामीटरवर मोजत नाहीत. हलव्यावर काटा उभा राहिला की थंडी पडली.

संपादकांनी लेख मागितलाय बोरन्हाणावर, म्हणून ते आधी उरकते. बाळाच्या पहिल्या संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही सोयीच्या दिवशी, साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला काळं झबलं नाहीतर काळा फ्रॉक घालायचा, अंगावर हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवून औक्षण करायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा ओतायचा. जमलेल्या पोरांनी ते लुटायचं. यामागे करासुर नावाच्या राक्षसाची एक गोष्ट सांगतात, ती आजीकडूनच ऐका. काळा रंग ऊब धरतो, म्हणून काळे कपडे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. संक्रांतीला दिवस मोठा व्हायला लागतो म्हणतात, पण तो २२ डिसेंबरच्या सुमारासच व्हायला लागलेला असतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. झालं.

आता हलवा.

सासूबाईंची पितळी परात वर्षातले अकरा महिने माळ्यावर असते. डिसेंबरात ती कल्हई करून येते. पहाटे पाचला अंगणात शेगडी पेटते आणि निखाऱ्यांवर राखेचा थर दिला जातो, कारण आच जेमतेम हाताला कळेल इतकीच हवी. साखर बुडेल एवढं पाणी घालून पाक चढवायचा, उकळी आली की चमचाभर दूध टाकायचं. मळी वर येते, ती काढून पाक फडक्यातून गाळायचा. एकतारीच्या जरा अलीकडे तो उतरवायचा. परातीत मूठभर भाजलेले तीळ. त्यावर चमचाभर पाक, आणि लगेच बोटांनी हलवायला सुरुवात. दाणे सुटे होऊन खुळखुळायला लागले की पुढचा चमचा. हे ऊन वर येईपर्यंत. मग झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. तीळ, खसखस, साबुदाणा, लवंग, भोपळ्याच्या बिया, प्रत्येकाची वेगळी पाळी. बोटांची टोकं पोळतात ती पोळतातच. हलवून हलवून करतात म्हणून हलवा, असं सासूबाई सांगतात. शब्द मूळचा अरबी, गोड पदार्थाचा. पण त्यांची बोटं बघितली की मी वाद घालत नाही.

पहिले तीन दिवस दाणा नुसता पांढरा आणि जाड होत जातो. मग एका सकाळी त्यावर बारीक खडबड दिसते. पाक दाण्यावर सगळीकडे सारखा बसत नाही. जिथे साखरेचा कण किंचित वर आलेला असतो, तो परातीला आणि पाकाला आधी लागतो, तिथेच थोडी जास्त साखर बसते, आणि उंच असतो तो आणखी उंच होतो. हवा कोरडी असेल तर पाक झटकन वाळतो आणि टोक टिकतं. दमट असेल तर चिकटून सपाट होतं. घाई केली, एकदम दोन चमचे ओतले, तरी तेच.

हे मी डोंबिवलीत शिकले. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हौसेने गॅसवर, स्टीलच्या ताटात साबुदाणा घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी साबुदाण्याची एक अखंड ढेप तयार झाली होती. दीर म्हणाले, "वहिनी, हा हलवा फोडायला हातोडा आणू का?" खाडीवरची हवा आणि माझा उतावीळपणा, दोन्ही नडलं. तेव्हापासून डोंबिवलीत दागिने ओवायचे आणि हलवा वाईचा, अशी वाटणी आहे.

जपानमध्ये हाच पदार्थ कोंपेइतो नावाने मिळतो. पोर्तुगीजांच्या 'कोंफेइतो' या साखरगोळीवरून ते नाव पडलं. लुईस फ्रोइस या पाद्र्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला ती बाटलीत घालून भेट दिली होती. ती करायची कशी हे जपान्यांना पुढे बराच काळ उमगत नव्हतं. इहारा साइकाकूच्या १६८८ च्या पुस्तकात एका माणसाला अखेर युक्ती सापडते, आणि ती काय असावी? आत तीळ घालायचा! हे वाचून मी वाईला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय, आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं." आज तिथे कलत्या, गरम, फिरत्या ढोलात पाक घालत ही गोळी करायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञाला तिचे काटे कसे फुटतात या प्रश्नाने इतकं झपाटलं की त्यावर त्याने निबंध लिहिला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

गेल्या वर्षी माझी चार वर्षांची लेक पहाटे आपण होऊन उठली आणि गोधडीसकट शेगडीशी जाऊन बसली. आजीने तिला परातीला हात लावू दिला नाही, पण एक काम दिलं: रोज एक दाणा निवडून वाटीत ठेवायचा. सहा दिवसांचे सहा दाणे तिने खिडकीत ओळीने मांडले. सहावा हातात घेऊन म्हणाली, "आजी, याला पण थंडी वाजतीये." अंगावर काटा येतो तसा हलव्यावर येतो, हे माझ्या डोक्यात एवढ्या वर्षांत आलं नव्हतं.

तुळशीबागेत किंवा दादरला दागिन्यांचे तयार संच मिळतात. मुकुट, बाजूबंद, बासरी, मुलींना बिंदी आणि कंबरपट्टा. सुबक असतात, नोकरी करणाऱ्या आईने ते आणले तर मी नाक मुरडणार नाही. पण हल्ली बोरन्हाण फोटोवाल्याच्या सोयीने चालतं, त्याचा मला राग येतो. एका घरी बाळाला चार वेळा तेच चुरमुरे भरून पुन्हा ओतले, कारण फोटो हलला होता. बाळ रडून रडून निळं व्हायचं बाकी होतं. डोक्यावर ओतायला भांडं नको, ओंजळ पुरते. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून आम्ही शेंगदाणे, गोळ्या-चॉकलेटं लुटीतून काढून टाकली, बोरं बिया काढून बाजूला दिली. लुटीची मजा काडीभरही कमी झाली नाही. चुरमुऱ्यांवर लोळायला मिळालं की मुलांना बाकी काही लागत नाही.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी परात असेल, तर यंदा खाली काढा. मूठभर तिळाला आठ सकाळी लागतात. संक्रांतीला डबा भरलेला हवा तर ६ जानेवारीला शेगडी पेटायला हवी, आणि आभाळाचे दोन दिवस धरले तर ४ तारखेला.