दोन चमचे पाणी

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, ही गोष्ट वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. इंजिनाशी माझा आजवरचा संबंध इतकाच, की ते चालू असले म्हणजे गाडीत बसायचे आणि बंद पडले म्हणजे खाली उतरून रुमालाने कपाळ पुसत उभे राहायचे. परंतु २०१९ सालच्या जुलैअखेर एका व्हॅनचे इंजीन माझ्यामुळे मोडले. मी त्याला हातही लावला नव्हता. मी फक्त बोललो होतो.

गगनबावड्याकडच्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून आम्ही तिघे प्राध्यापक गेलो होतो. गाडी आमच्याच गल्लीतल्या मामांची. सकाळ-संध्याकाळ शाळेची मुले न्यायची-आणायची आणि मधल्या वेळात असे एखादे भाडे मारायचे, हा त्यांचा व्यवसाय. गाडी कर्जावर घेतलेली. सारी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

परत येताना मांडुकलीजवळ कुंभी नदीचे पाणी रस्त्यावर आलेले. दोन्ही बाजूंचा ऊस पाण्यात उभा. मामांनी गाडी थांबवली.

"सर, पाणी लई हाय. तासभर थांबूया, उतरंल."

मला सहा वाजता कोल्हापुरात एका सभेला पोचायचे होते. तेवढ्यात समोरून एक एस.टी. पाणी कापीत आमच्या बाजूला आली. मी म्हणालो, "अहो मामा, एवढी एस.टी. आली की! तुम्ही उगीच भिता." दिवसभर मुलांच्या तोंडून साहस, जिद्द आणि आत्मविश्वास यांवरची भाषणे ऐकली होती, त्याचाही अंमल असावा.

मामांनी गाडी घातली. हळूच घातली. पण मध्यावर पोचतो न पोचतो तोच समोरून एक ट्रॅक्टर जोरात आला. त्याची लाट आमच्या तोंडावर चढली, इंजिनाने एकदा आवंढा गिळल्यासारखा आवाज केला आणि ते गप्प झाले.

मामा म्हणाले, "आता किल्लीला हात न्हाई लावायचा. ढकलून भाईर काढूया."

पाणी गुडघ्याच्या वर होते, पायांत नवे बूट होते. मी म्हणालो, "एकदा चालू करून तर बघा!" मामांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. सरांना नाही कसे म्हणायचे, हा संकोच त्या नजरेत मला आज स्पष्ट दिसतो. तेव्हा दिसला नाही. त्यांनी किल्ली फिरवली. इंजीन दोन झटके चालल्यासारखे झाले आणि रिकाम्या कढईत वरवंटा पडावा तसा 'ठक्' आवाज आला. मग काहीच नाही. शेवटी बूट काढून ढकलावे लागलेच. आणि सहाची सभा पावसामुळे रद्द झाली होती, हे घरी पोचल्यावर कळले.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून कोल्हापुरात आणली. गॅरेजचे मेस्त्री मोठे समजूतदार गृहस्थ. त्यांनी मला औषधाची रिकामी पिचकारी आणून दिली. "सर, तोंडाला बोट लावा आणि दांडा दाबा." दांडा बराच आत गेला. "आता पाणी भरून दाबा." दांडा तसूभर हलेना. हवा दबते, पाणी दबत नाही. हे शाळेत शिकलो होतो, पण त्याची किंमत तिथे समजली.

इंजीन हवा ओढून घेते आणि दट्ट्याने दाबते. त्या व्हॅनच्या एकेका सिलिंडरात दट्ट्या सुमारे ५०० घनसेंटिमीटर हवा ओढतो. डिझेलचे इंजीन ती दाबून साधारण अठराव्या हिश्शावर आणते. म्हणजे शेवटी उरणारी जागा तीस घनसेंटिमीटरच्या आसपास. मोठे दोन चमचे! त्याहून अधिक पाणी आत गेले की दट्ट्या वर जाऊच शकत नाही. पण बाकीची सिलिंडरे जोर लावीत असतात. मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या गाडीचा एक पुरता वाकला होता, दुसरा किंचित. किंचित वाकलेला अधिक वाईट, मेस्त्री म्हणाले; तशीच गाडी चालवली तर तो पुढे केव्हातरी तुटतो आणि इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

हे पाणी शिरते हवा घेण्याच्या नळीतून. आमच्या व्हॅनमध्ये तिचे तोंड पुढच्या चाकाच्या कमानीजवळ, बरेच खाली होते. एस.टी.चे असते उंचावर. म्हणून ती गेली तेथे आपण जाऊ, हा हिशेब खोटा. शिवाय पाणी उभे असते तेवढेच उंच राहत नाही. गाडीच्या वेगाने आणि समोरच्याच्या लाटेने ते चढते. मेस्त्रींच्या मते आमचे इंजीन प्रथम बंद पडले ते हवेची कागदी जाळी भिजून, श्वास कोंडल्यामुळे. नळीत साचलेले पाणी आत ओढले गेले ते किल्ली फिरवल्यावर.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हे मेस्त्री मुंबईत एका गॅरेजात उमेदवारी करीत होते. बंद स्थितीत बुडालेल्या गाड्यांची इंजिने आपण वाचवली, असे ते सांगतात. मालकांनी घाईने किल्ली फिरवलेली बरीचशी गेली. अशा वेळी गाडी ढकलून कोरड्यात आणावी, बॅटरीची तार सोडावी आणि मेस्त्रीला बोलवावे. तो डिझेलच्या इंजिनाचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, पेट्रोलच्या इंजिनाचे स्पार्क प्लग काढतो आणि हाताने इंजीन फिरवून पाणी बाहेर टाकतो. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर तेही बदलतो. एका दिवसाचे काम.

आमचे काम महिन्याचे झाले. खर्च ६२ हजार. विम्याचा माणूस आला तेव्हा मी गॅरेजात उभा होतो. त्याने विचारले, "पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा चालू करून पाहिली होती का?" मामा म्हणाले, "व्हय, मीच किल्ली मारली." इंजिनाच्या अशा नुकसानीसाठी विम्यात वेगळे कलम घ्यावे लागते, मामांनी ते घेतले नव्हते. दावा नामंजूर झाला. खरे सांगायचे तर माझ्या बोलण्याने निकाल बदलला नसता. पण मी त्या वेळी भिंतीवरचे कॅलेंडर वाचीत होतो, हे माझे मला ठाऊक आहे.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मामांच्या घरी गेलो आणि सगळा खर्च माझा, असे म्हणालो. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्धं द्या सर. किल्ली माझ्याच हातात हुती न्हवं?"

शाळेची मुले तोवर दुसऱ्या गाडीने जाऊ लागली होती. दिवाळीनंतर काही परत आली, काही नाहीत. त्या महिन्याची भरपाई मी देऊ शकलो नाही.

यंदाच्या पावसाळ्यात पुन्हा मामांच्याच गाडीने त्या रस्त्याने येत होतो. रस्त्यावर पाणी होते. मामांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. आम्ही टपरीवर दोनदा चहा घेतला, दोन तासांनी पाणी उतरले आणि रात्री नऊला घरी पोचलो. माझ्यावाचून कोणाचे काही अडले नव्हते.