आधी नाक, मग जीभ

नाशिकला वाइन चाखायला येणाऱ्यांना मी आधी एकच विनंती करतो: ग्लास दांडीला धरा. हाताची ऊब लागली की पांढरी वाइन मरगळते. तिला 8 ते 10 अंश सेल्सिअसचा गारवा हवा, लालला 16 ते 18 अंश. म्हणून आपल्या उन्हाळ्यात लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, त्यात काही कमीपणा नाही.

पांढरी सोव्हिन्यों ब्लाँ ग्लासात जेमतेम तिसरा हिस्सा ओता, गोल फिरवा आणि नाक आत घाला. चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येईल. हा भास नव्हे. मिरचीला तो वास देणारा रेणूच या वाइनच्या द्राक्षातही असतो! फळ जास्त पिकलं की तो ओसरतो, म्हणूनच जानेवारी ते मार्चच्या तोडणीत दिवस नेमका साधावा लागतो. मग लहानसा घोट तोंडभर फिरवायचा. गालांतून पाणी सुटलं तर आम्लता चांगली आहे.

लाल शिराझचं वेगळं. लाल वाइनसाठी द्राक्षांचा रस सालींसकट आंबवतात. रंग सालीतून येतो, टॅनिन हे तुरट द्रव्य साल आणि बियांतून. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. नवखे इथेच तोंड वाकडं करतात. त्यांना मी भाजलेल्या मटणाचा तुकडा देतो आणि पुन्हा घोट घ्यायला सांगतो. तुरटपणा मवाळ होतो. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र शिराझ नको, तिखट आणखी भडकतं. तिथे किंचित गोडसर, गार, पांढरी शेनिन ब्लाँच घ्यावी.