काडातून अन्न : धिंगरी अळंबीची लागवड

भाताची कापणी झाली की धान्य घरात येते आणि मागे काड उरते. त्यातील काही गुरांपुढे पडते, काही छपरासाठी जाते. उरलेल्याचे काय करावे, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी बिकट झाला आहे. पंजाब व हरियाणा या राज्यांत भाताची यंत्राने कापणी झाल्यावर गव्हाच्या पेरणीस थोडेच आठवडे उरतात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात कित्येक शेतांतील काड पेटवून दिले जाते. धुराने हवा दूषित होते आणि काडातील बराचसा नायट्रोजन वाया जातो.

वस्तुतः हे काड म्हणजे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने वनस्पतीने साठविलेली शक्ती होय. मात्र ती कुलूपबंद असते. काडातील सेल्युलोज हे शर्करेच्याच घटकांची लांब साखळी आहे. परंतु त्याभोवती लिग्निन नावाच्या चिवट द्रव्याचे वेष्टन असते. गाईम्हशींच्या पोटातील सूक्ष्मजंतू सेल्युलोज पचवितात, पण लिग्निनपुढे त्यांचेही फारसे चालत नाही. हे कुलूप उघडू शकणाऱ्या थोड्या जीवांपैकी धिंगरी अळंबी ही एक आहे.

अळंबी हे कवक होय. अंगी हरितद्रव्य नसल्याने तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तिचे पांढरे तंतू काडात शिरतात, पाचक द्रव्ये बाहेर सोडून लिग्निन व सेल्युलोज यांचे विघटन करतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. आपण खातो ती छत्री म्हणजे या तंतुजालाचे जणू फळच.

आपल्या देशात १९४३ साली कोइमतूर येथे भातकाडावर वाढणाऱ्या एका निराळ्या अळंबीच्या लागवडीचे प्रयोग झाले. पुढे १९६२ साली म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो व श्रीवास्तव यांनी भातकाडावर धिंगरी वाढविली. १९८३ साली सोलन येथे अळंबी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले.

लागवडीची रीत साधी आहे. काडाचे तीन ते पाच सेंटीमीटर लांबीचे तुकडे करून ते रात्रभर पाण्यात भिजवितात व नंतर सुमारे तासभर ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवतात. मुठीत दाबले असता पाणी ठिबकू नये, इतके निथळल्यावर ते निववितात. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत काडाचा एक थर व अळंबीच्या बियाण्याचा एक थर असे भरतात. हे बियाणे म्हणजे शिजवून निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या वा ज्वारीच्या दाण्यांवर वाढविलेले शुद्ध तंतुजाल होय. भोके पाडलेल्या पिशव्या अंधाऱ्या खोलीत ठेवल्या की दोन-तीन आठवड्यांत काड पांढरे शुभ्र होते. त्यानंतर पिशवी काढून टाकावी, गठ्ठ्यावर पाणी शिंपडावे व खोलीत उजेड आणि मोकळी हवा येऊ द्यावी. थोड्याच दिवसांत अळंबीचे अंकुर दिसू लागतात.

काड तापविण्याचे मर्म वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्या काडावर इतर बुरशींचाही डोळा असतो. तापविल्याने त्यांचे बळ घटते व धिंगरीस आघाडी मिळते. येथे हयगय झाली की हिरवी बुरशी पसरते आणि सर्व श्रम व्यर्थ जातात.

अनुकूल स्थितीत एक किलोग्रॅम कोरड्या काडापासून अर्धा ते पाऊण किलोग्रॅम ताजी अळंबी मिळते. तीत सुमारे नऊ-दशांश पाणी असते. तथापि कोरड्या भागात प्रथिनांचे प्रमाण चांगले असते. छत्रीच्या कडा वर वळण्यापूर्वीच तोडणी करावी, कारण नंतर सुटणाऱ्या बीजाणूंनी कित्येकांस खोकला व दमा होतो. उरलेल्या काडाचे उत्तम खत होते.

देशातील सारे काड अळंबीच्या कामी येईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. रानातील अनोळखी अळंबी तर कधीच खाऊ नये. तिच्यातील काही जाती प्राणघातक आहेत. परंतु ज्याच्यापाशी फारशी जमीन नाही, त्यालाही एका खोलीत, थोड्या काडावर हे पीक घेता येते. ज्या काडाचा एरवी धूर झाला असता, त्यापासून त्याच्या घरी अन्न येते आणि शेतास खत मिळते.