माळढोकाच्या वाटेतल्या तारा
ऊर्जा-स्थित्यंतर : लेखांक ६

मागच्या लेखांकात कोळसा आणि रोजगाराची ओढाताण पाहिली. तिथे एका बाजूला धूर होता, दुसऱ्या बाजूला पोट. आजचं भांडण पर्यावरणाचं पर्यावरणाशीच आहे आणि ते सोडवणं मला जास्त अवघड वाटतं.

पश्चिम राजस्थानात ऊन भरपूर आणि जमीन स्वस्त. २०१७मध्ये तिथल्या भडला सौर पार्कच्या लिलावात विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांवर उतरला. २०२०च्या अखेरीस गुजरातच्या लिलावात तो दोन रुपयांच्याही खाली गेला. कोळशाच्या नव्या प्रकल्पाने याच्याशी स्पर्धा करायची सोयच उरली नाही. पण याच वाळवंटी माळांवर माळढोक राहतो. देशभरात दीडशेही उरले नसतील. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं, त्यामुळे उडताना झटकन वळता येत नाही. डोळे डोक्याच्या बाजूंना, म्हणून समोरचं नीट दिसत नाही. तार लक्षात येईपर्यंत धडक बसलेली असते.

एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरच्या टापूत नव्या उघड्या तारांवर बंधनं घातली. शक्य तिथे तारा जमिनीखाली घ्या, असा आदेश होता. सरकारचं म्हणणं पडलं की चारशे किंवा सातशे पासष्ट किलोव्होल्टच्या तारा लांब पल्ल्यावर पुरणं तांत्रिकदृष्ट्या जवळपास अशक्य आणि खर्च कित्येक पट. हे खोटं नव्हे. मार्च २०२४मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन काम तज्ज्ञ समितीकडे सोपवलं. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क असल्याचं त्याच निकालात म्हटलं आहे. म्हणजे माळढोकाच्या खटल्यातून माणसांना हक्क मिळाला!

पक्षी की वीज, यावर वाद घालणाऱ्यांनी एक प्रश्न आधी विचारायला हवा होता : सगळे प्रकल्प तिथेच का गेले? ऊन हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं सवलतीत आहे. जून २०२५पर्यंत सुरू होणाऱ्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या विजेला आंतरराज्य पारेषण शुल्क माफ होतं. वीज कितीही दूर न्या, तारांचा भार त्या प्रकल्पाच्या हिशेबात येत नव्हता. तो देशभरातल्या वीज कंपन्यांत वाटला जात होता. मग कोण कशाला ग्राहकाजवळची जागा शोधेल? लिलावातला स्वस्त दर खराच होता, पण त्यात तारा धरलेल्या नव्हत्या आणि माळढोकही. आधी निविदा काढल्या आणि नकाशा न्यायालयात उघडला, हा क्रमच चुकला.

दुसरी वाट महाराष्ट्रात चालू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत छोटे प्रकल्प उपकेंद्रांच्या आसपास उभे राहतात आणि तिथल्याच फीडरवरच्या शेतपंपांना दिवसा वीज देतात. दर तीन रुपयांच्या आसपास, म्हणजे कागदावर महाग. पण वीज जवळच खपते आणि रात्री-अपरात्री पंप चालू करायला अंधारात जाणं टळतं. हिशेबात हे धरलं तर महागाई बरीच उतरते, असं माझं मत आहे.

मात्र जमीन इथेही लागतेच. ती बऱ्याचदा गायरानाची असते, आणि गावातली शेळ्या-मेंढ्या राखणारी माणसं ‘आमची जनावरं कुठे न्यायची?’ म्हणून विचारतात. पुढचा लेखांक त्या गायरानांवर.