अरबी व्याकरणाची आपली इयत्ता कशी ओळखावी?

देवगड आणि जामसंडे हा परिसर हापूस आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. कोकणातला आंबा आखाती देशांत जातो आणि तेथील माणूसही नोकरीसाठी त्याच वाटेने जातो. दुबई, मस्कत, दोहा ही नावे या किनारपट्टीला परकी राहिलेली नाहीत. त्यामुळे अरबी शिकू इच्छिणाऱ्यांमध्ये धार्मिक अध्ययन करणाऱ्यांबरोबरच नोकरी वा व्यापाराच्या निमित्ताने भाषेकडे वळलेलेही असतात. काही महिन्यांच्या अभ्यासानंतर या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. आपल्याला नेमके किती अरबी येते?

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर होणारे नुकसान केवळ परीक्षेतील गुणांपुरते नसते. सौदी अरेबियाच्या 2005 च्या कामगार कायद्यानुसार नोकरीचा करार अरबीत असावा लागतो. सोबत दुसऱ्या भाषेतील मजकूर असला, तरी मतभेदाच्या प्रसंगी अरबी मजकूरच ग्राह्य धरला जातो. अशा वेळी 'मला अरबी येते' या समजुतीवर सही करणे महागात पडू शकते.

वाचता येणे आणि समजणे

पहिली गल्लत लिपीबाबत होते. कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबांत मुले लहानपणीच कुराणाचे पठण शिकतात आणि त्यांचे उच्चारही चांगले असतात. मात्र त्या मजकुरावर स्वरचिन्हे दिलेली असतात. वर्तमानपत्र, पत्रव्यवहार वा करार यांत ती सहसा नसतात. स्वर कोणता, हे वाचकाने व्याकरणाच्या आधारे ठरवायचे असते.

दुसरी गल्लत बोलण्याबाबत होते. आखातात वर्षानुवर्षे काम केलेल्या परदेशी कामगारांमध्ये एक सोपी, मिश्र अरबी रूढ आहे. तीत क्रियापदे फारशी चालवली जात नाहीत आणि लिंग-वचनाचा मेळही शिथिल असतो. बाजारात तिच्यावर काम भागते. लेखी अरबीचे व्याकरण मात्र वेगळे असून, स्थानिक अरबांच्या रोजच्या बोलीतही विभक्तीचे अंत्य स्वर गळून पडलेले आहेत. म्हणून अस्खलित बोलणाऱ्यानेही व्याकरणाची पातळी स्वतंत्रपणे तपासावी.

पारंपरिक अरबी व्याकरणाच्या दोन प्रमुख शाखा आहेत. शब्द कसा घडतो ते 'सर्फ' सांगते आणि वाक्यात शब्दांचे परस्परसंबंध कसे असतात ते 'नह्व' सांगते. या दोहोंच्या आधारे चार पायऱ्यांची चाचणी घरबसल्या घेता येते.

पहिली पायरी: साधे वाक्य

अरबीत वर्तमानकाळातील साध्या विधानात 'आहे' हे क्रियापद नसते. 'घर मोठे' एवढ्यानेच वाक्य पूर्ण होते. मात्र 'मोठे घर' आणि 'घर मोठे आहे' यांतील भेद 'अल' या उपपदावरून ओळखावा लागतो. हा भेद न अडखळता करता येत असेल आणि विशेषणाचे लिंग नामाप्रमाणे बदलता येत असेल, तर पहिली पायरी पार झाली असे समजावे.

दुसरी पायरी: वचन आणि संख्या

संस्कृतप्रमाणे अरबीतही द्विवचन आहे आणि व्यवहारात ते फार महत्त्वाचे ठरते. 'शह्र' म्हणजे महिना आणि 'शह्रैन' म्हणजे दोन महिने. येथे 'दोन' हा शब्द वेगळा लिहिण्याची गरजच नसते. करारात नोटिशीची मुदत 'शह्रैन' असेल आणि वाचक आकडा शोधत राहिला, तर दोन महिन्यांचा एक महिना होतो.

तीन ते दहा या संख्यांचे लिंग नामाच्या उलट असते आणि नाम अनेकवचनी असते. म्हणून 'शह्र' पुल्लिंगी असूनही तीन महिन्यांना 'सलासतु अश्हुर' म्हणताना संख्येचे रूप स्त्रीलिंगी होते. अकरापासून पुढे नाम एकवचनात येते. तीस दिवस म्हणजे 'सलासून यौमन', शब्दशः 'तीस दिवस' नव्हे तर 'तीस दिवसाला' असे काहीसे. 1 ते 100 मधील दहा संख्या नामांसह न चुकता लिहिता आल्या, तर दुसरी पायरी गाठली.

तिसरी पायरी: धातू ओळखणे

अरबीतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून ठरावीक साच्यांत घडतात. हान्स वेअर यांच्या प्रसिद्ध कोशासारखे कोश धातूनुसारच लावलेले आहेत. 'मुस्तश्फा' म्हणजे रुग्णालय, पण हा शब्द 'म' खाली सापडत नाही. तो श-फ-य या धातूखाली शोधावा लागतो. 'काला', म्हणजे 'तो म्हणाला', याचा धातू क-व-ल आहे. लपलेला 'व' ज्याला दिसतो त्याला दुर्बल धातूंचे प्रकरण समजले असे म्हणता येईल.

येथे मराठी वाचकाला घरचीच शिदोरी उपयोगी पडते. फारसीमार्गे आलेले असंख्य अरबी शब्द मराठीत रुळले आहेत. कोकणात देवाला लावला जाणारा 'कौल' याच क-व-ल धातूचा आहे. मजकूर, मंजूर, मशहूर हे तिन्ही शब्द कर्मवाचक विशेषणाच्या एकाच साच्यातले आहेत. तहसील, तपशील, तालीम यांचा साचा भाववाचक नामाचा, तर साहेब, वारस, जाहीर यांचा कर्तृवाचक आहे. 'अहवाल' हे मुळात 'हाल' या शब्दाचे अनेकवचन होय. अर्थाबाबत मात्र सावध राहावे. अरबीत 'तालीम' म्हणजे शिक्षण आणि 'मंजूर' म्हणजे पाहिलेले. मजकुरातील दहा अनोळखी शब्द घेऊन त्यांपैकी आठ कोशात स्वतः शोधता आले, तर तिसरी पायरी झाली.

चौथी पायरी: स्वर भरणे

शेवटची कसोटी सर्वांत कठीण आहे. स्वरचिन्हे नसलेला एखादा परिच्छेद घेऊन प्रत्येक शब्दावर, विशेषतः अंत्य अक्षरावर, चिन्हे भरावीत आणि प्रत्येकाचे कारण सांगावे. 'यदफउ' म्हणजे 'तो पैसे देतो' आणि 'युदफउ' म्हणजे 'दिले जातात'. लिहिताना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. पैसे मालकाने द्यायचे की कामगाराने, हे अशा वेळी कर्ता आणि कर्म नीट ओळखल्यावरच उलगडते. संस्कृतच्या आठ विभक्तींपुढे अरबीच्या तीन विभक्ती सोप्या वाटतात, पण त्या बहुधा केवळ एका न लिहिलेल्या स्वरावर अवलंबून असतात.

युरोपीय परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेली ए-1 ते सी-2 ही सहा स्तरांची चौकट आज अनेक अभ्यासवर्ग वापरतात. ती शिकणारा भाषेत काय करू शकतो ते सांगते, कोणता नियम येतो ते नव्हे. म्हणून प्रमाणपत्रावर 'मध्यम' असे लिहिलेले असूनही दुसरी पायरी कच्ची असू शकते. अशा वेळी पुढचे पुस्तक घेण्यापेक्षा कच्च्या पायरीवर परतणे श्रेयस्कर होय. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेने इंग्रजी भाषकांसाठी अरबीला सर्वांत कठीण भाषांच्या गटात ठेवले असून त्यासाठी सुमारे 2,200 तासिकांचा अंदाज दिला आहे. सहा महिन्यांत पारंगत करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती या आकड्याशी ताडून पाहाव्यात.

मात्र निराश होण्याचे कारण नाही. अरबी व्याकरणाचा पाया घालणारा आठव्या शतकातील सीबवैह हा स्वतः इराणी होता आणि बसऱ्यात राहून त्याने ही भाषा आत्मसात केली. आज मुंबई विद्यापीठात अरबीचा स्वतंत्र विभाग आहे. जामसंडे येथील विद्यार्थ्याने दर तीन महिन्यांनी वरील चार कसोट्या घ्याव्यात, तारखेसह वहीत निकाल नोंदवावा आणि चौथी पायरी पक्की होईपर्यंत कोणताही करार जाणकाराला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये.